दक्षिण भिंतीच्या खिडक्या

ईस्टरआधीचे चाळीस दिवस मी रोज चर्चच्या दुपारी बाराच्या घंटेपर्यंत मौन पाळते. आई पाळायची, तिच्यामागे मी. माझा धाकटा भाऊ कॅस याला आपली सुट्टी म्हणतो. आम्ही दोघं इथे विस्कॉन्सिनमधल्या चर्चच्या रंगीत काचा दुरुस्त करतो. तो काचा जोडून धरणाऱ्या शिशाच्या पट्ट्या बदलतो. काचा धुणं, बसवणं आणि बिलं पाठवणं माझ्याकडे.

यंदा गावच्याच चर्चच्या पाच खिडक्या केल्या. पाचही उत्तरेच्या भिंतीतल्या. दक्षिणेला शाळेची इमारत चिकटलेली, तिकडे नुसता गिलावा. काम चौदा हजार सहाशे डॉलरचं. बिलांच्या प्रोग्राममध्ये आकडा घातला, तर तुमच्या वर्गणीच्या योजनेत एका कामाचं बिल दहा हजारांवर जात नाही म्हणे. वरची योजना घ्या, वर्षाचे पैसे आधी भरा. एवढं मोठं बिल आमचं वर्षातून एखादं.

मदतीचा फोन आमच्या योजनेला फक्त सकाळी, आणि सकाळी मी मुकी. म्हणून कॅसनं फोन लावला. मी पाकिटाच्या पाठीवर लिहून त्याच्यापुढे धरत राहिले.

"बाई, माझी बहीण विचारतेय, ही मर्यादा एकदाच उठवता येईल का?... नाही, ती इथंच बसलीय. बोलत नाही... आजारी नाही हो, देवासाठी बोलत नाही." मग तो बराच वेळ ऐकत राहिला. माझ्याकडे वळून म्हणाला, "ही म्हणते, मर्यादा आपल्याच भल्यासाठी आहे."

मी लिहिलं, 'कुणाच्या?'

"हे खरंच विचारू?"

मी पाकीट पालथं ठेवलं.

चाळीस मिनिटांनी फोन ठेवून कॅस म्हणाला, "लिओना, कर बिलाचे दोन तुकडे आणि मोकळी हो. बेरीज तर तीच येते ना?"

तुकडे केले. पण प्रोग्राम एकाच कामाची दोन बिलं घेईना, दुसऱ्याला वेगळं नाव मागू लागला. तीन वेळा सगळं भरलं, तीन वेळा पुसलं गेलं. डोळे चुरचुरायला लागले. शेवटी एकावर लिहिलं 'उत्तर भिंत', दुसऱ्यावर 'दक्षिण भिंत'. पाठवून दिलं आणि जपमाळ घेऊन बसले. तेव्हा मनाला काही टोचलंही नाही. आता तेच जास्त टोचतं.

आठवड्यानं सकाळीच चर्चच्या कचेरीतून गर्ट्रूडबाईंचा फोन आला. कॅसनं ऐकून घेतलं. दहा हजारांवरच्या कामाला बिशपांच्या कार्यालयाची परवानगी लागते, आणि ती चुकवायला बिल फोडणाऱ्याचं नाव ते कारागिरांच्या यादीतून काढतात. हे मला तीस वर्षं ठाऊक आहे. आमच्या चर्चचे फादर यानुश यांनी परवानगी रीतसर काढली होती, पूर्ण रकमेची, एका कामाची. आता बिशपांच्या कार्यालयापुढे दोन बिलं होती आणि त्यातलं एक नसलेल्या खिडक्यांचं. आमची सगळी कामं त्या यादीवरूनच येतात. नाव गेलं की दुकानाला कुलूप.

"संगणकाची चूक म्हण," कॅस म्हणाला. "खोटं थोडंच आहे?"

मी लिहिलं, 'दक्षिण भिंत संगणकानं नाही लिहिली.'

"मग काय सांगणारेस? आणि कसं? आत्ता कुठे अकरा वाजलेत!"

वडिलांचं कार्बन घालायचं बिलबुक खालच्या खणात होतं. एक काम, पाच खिडक्या, पुरा आकडा. हातानं लिहिलं आणि बर्फाचा चिखल तुडवत चर्चला गेले.

गर्ट्रूडबाईंनी आधी घड्याळ पाहिलं. "बसा. अजून वीस मिनिटं आहेत तुमची. कॉफी? नुसती मान हलवा." फादर आले, बिल पाहिलं आणि काही न विचारता समोर बसून राहिले. ती वीस मिनिटं फार लांबली.

घंटा झाली. तिघांनी प्रार्थना म्हटली. मग मी म्हणाले, "फादर, दक्षिण भिंत मी लिहिली. प्रोग्राम एवढं बिल घेईना. थकले होते, खोटं लिहून मोकळी झाले. परवानगी चुकवायची नव्हती. पण खोटं माझंच आहे."

"तिकडे खिडक्या असत्या," फादर म्हणाले, "तर मला माझं प्रवचन तरी नीट वाचता आलं असतं."

गर्ट्रूडबाई हसल्या. मला हसू आलं नाही.

"हेच लिहून द्या," ते हळू आवाजात म्हणाले. "बिलाबरोबर पाठवतो. पुढचं माझ्या हातात नाही."

ईस्टरनंतर उत्तर आलं. नाव यादीत राहिलं. मात्र दोन वर्षं आमचं प्रत्येक बिल, लहान असो मोठं असो, आधी बिशपांच्या कार्यालयात तपासायला जाणार.

"दोन वर्षं!" कॅस कपाळाला हात लावून म्हणाला. "त्यापेक्षा वरची योजना स्वस्त पडली असती गं."

"पडली असती," मी म्हटलं, आणि बिलबुकाच्या पुढच्या पानाखाली कार्बन सरळ करून घातला.