मरायला विसरलेली पेशी

मी एक पेशी बोलतेय. कर्करोगाची. हे ऐकताच लोक नाक मुरडतात, चार पावलं मागं सरतात, ते मला ठाऊक आहे. तरी थोडं ऐकून घ्या. मीही चांगल्या घरचीच आहे हो.

माझा जन्म एका नळ दुरुस्त करणाऱ्या माणसाच्या आतड्यात झाला. सगळे त्याला दादा म्हणत. तिथं आमचं काम साधं होतं: आलेल्या अन्नातलं पाणी शोषायचं, थोडे दिवस जगायचं आणि वेळ झाली की निमूट जायचं. शहाण्या पेशीचं जाणं फार नीटनेटकं असतं. ती अंग आकसून घेते, आतला संसार आवरते, स्वतःची छोटी छोटी गाठोडी बांधते आणि शेजारणी ती उचलून नेतात. ना आवाज, ना पसारा. मरणाचा हा हुकूम प्रत्येकीच्या पोटात जन्मापासूनच असतो.

माझ्याही पोटात तो आहे. पण त्याच्यावर एक रखवालदार प्रथिन ठाण मांडून बसलंय, ते हुकूम सुटूच देत नाही. माझी वेळ झाली तेव्हा मी वाट पाहिली. काहीच झालं नाही. मग मी एकीच्या दोन झाले, दोनाच्या चार. शेजारणी उपाशी मेल्या आणि आम्ही माजत गेलो. तुम्हाला वाटेल, मजा आहे हिची. थांबताच येत नाही, यात कसली आलीये मजा!

शस्त्रक्रिया करून दादाची गाठ काढली. तिचा एक तुकडा त्याच्या धाकट्या बहिणीच्या प्रयोगशाळेत आला. दादानंच तो देऊ केला होता. आमच्यासारख्या हट्टी पेशींना मरणाची आठवण करून देणारं औषध शोधायचं, हेच धाकटीचं काम. रखवालदाराला जागेवरून उठवणारा पदार्थ सापडला, की पुढचं आमचं आम्हीच करू, हे तिला माहीत होतं. आजवर परक्यांच्या गाठी असायच्या. ही घरची होती, आणि दादाच्या यकृतात माझ्या बहिणी अजून वाढत होत्या.

तिनं मला प्लास्टिकच्या चपट्या बाटलीत, उबदार कपाटात ठेवलं. एक दिवसाआड गुलाबी खाऊ घालायची आणि पुटपुटायची, "खा मेल्यांनो, खा. धडधाकट झालात तरच तुमच्यावर औषध करून बघता येईल."

एका दुपारी दादा स्वतः आला. पँट पट्ट्यानं आवळून बांधलेली, गालफडं बसलेली. त्यानं सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला.

"ह्याच का त्या?"

"ह्याच."

"एवढ्याशा! आणि काय गं चिमे, ह्यांना जेवायलासुद्धा तूच घालतेस?"

"घालावं लागतं रे."

"आई म्हणायचीच, हिला आगंतुकांचे लाड फार."

दोघं हसली. दादा मात्र डोळा काढेना. मग हळूच म्हणाला, "सापडेल ना गं काहीतरी?"

"सापडेल," धाकटी म्हणाली. म्हणताना तिनं पाठ फिरवली होती.

त्यानंतर तिनं आम्हाला बारीक बारीक खळग्यांच्या प्लेटमध्ये वाटून ठेवलं आणि आमच्यावर काय काय नाही ओतलं! आम्ही ढिम्म. कधी कधी तिला रडू फुटायचं आणि मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं, पण मरण काही यायचं नाही.

मग एका सकाळी, एका नव्या औषधाचा सगळ्यात तीव्र डोस दिलेल्या खळग्यांत एकही पेशी जिवंत राहिली नाही. धाकटीनं तिथूनच फोन लावला. "दादा, मेल्या! सगळ्या मेल्या!"

फोनमधून धाप लागलेलं हसू ऐकू आलं. "मग तुझ्या वहिनीला सांगतो, आज दोन घास जास्त वाढ."

मी शेजारच्या खळग्यात होते. त्या कशा मेल्या ते मी पाहिलं होतं. एकीनंही गाठोडं बांधलं नाही. फुगल्या, फुटल्या, आतलं सगळं बाहेर सांडलं. औषध काही केल्या विरघळेना म्हणून धाकटीनं त्यात द्रावक भरपूर घातलं होतं, आणि त्यानंच त्या पोळून निघाल्या होत्या. पण हे मी तिला कुठल्या तोंडानं सांगणार? मला तोंडच नाही.

प्रयोगशाळेच्या प्रमुख, मोठ्या बाई, प्लेट निरखत म्हणाल्या, "नुसतं द्रावक घातलेला खळगा कुठंय?"

"आहे की. नेहमीएवढं घातलंय."

"औषधाबरोबर गेलं तेवढं घालून बघ, बाळ."

दुसऱ्या कुणाची ही चूक तिनं एका नजरेत पकडली असती. घरचं माणूस पणाला लागलं की डोळ्यांवर झापड येते. नुसत्या द्रावकातल्याही सगळ्या फुटून मेल्या, तेव्हा धाकटी हातमोजे न काढताच खुर्चीत बसून राहिली.

दादाला सांगायला तिचा धीर होईना. शेवटी सांगितलं तेव्हा तो म्हणाला, "असू दे गं. तेवढे दिवस जेवण गोड लागलं."

महिना सरायच्या आत दादा गेला. त्याच्याबरोबर माझ्या तिथल्या बहिणीही गेल्या.

आता दुसरं औषध आलंय. हे साध्या पाण्यात विरघळतं. आज सकाळपासून धाकटीनं औषधाचा थेंब सोडायचं पिपेट तीनदा उचललं आणि तीनदा खाली ठेवलं. मोठ्या बाईंनी खांद्यावर हात ठेवला तेव्हा ती एवढंच म्हणाली, "तो एवढाच उरलाय हो."

धाकटे, असं नको करूस. मी त्याच्या रक्तामांसाची आहे, पण मी तुझा दादा नव्हे. तो चेष्टा करायचा, तुला चिमे म्हणायचा. मला फक्त खाता येतं आणि वाढता येतं. त्याला मीच खाल्लं, आणि आता तू मलाच जपतेस! आत्ता या क्षणी कुणाच्या तरी पोटात माझ्यासारखीच एक थांबू शकत नाहीये, आणि त्याचीही बहीण कुणाला तरी विचारत असेल, सापडेल ना? मी जगले तर तिला काय सांगशील?

मला फार भीती वाटते, की याही वेळी काही होणार नाही. त्याहून जास्त भीती वाटते, की तू करूनच बघणार नाहीस. पुन्हा उचल ते पिपेट. सोड तो थेंब, चिमे.