फाळक्याजवळची जागा

लढाई संपल्यावर लष्कराने काढून टाकलेला तो ट्रक चांद्याच्या बाबूभाईंनी लिलावात घेतला. पहिल्यांदा चालू केला तेव्हा त्याचा आवाज ऐकून बाजारातल्या गाढवांनी दावी तोडली होती. त्याच्यावर ड्रायव्हर जहीर. सागाचे ओंडके भरले की ट्रक चढावर वाघ व्हायचा. पण रिकामा असला की सगळा डौल मातीत. मागची चाकं जागच्या जागी गरगरत आणि खड्डा खणत बसत. मग शेतातले बैल आणून ओढून काढावा लागे, आणि सारा बाजार हसे.

"आता एक बार जरी बैल लागले, तर ही गाडी विकून टाकीन," बाबूभाईंनी बजावलं होतं. जहीर म्हणाला होता, "नाई लागनार, शेठ." ट्रक गेला तर स्टिअरिंग गेलं, आणि स्टिअरिंगाशिवाय जहीर म्हणजे काय, हे त्याला स्वतःलाही सांगता आलं नसतं.

त्या दिवशी सिंदेवाहीकडच्या लटारूच्या मुलाच्या लग्नाचं वऱ्हाड न्यायचं होतं. लटारू बाबूभाईंचा जुना दोस्त, म्हणून शेठ स्वतः नवरदेवासह पुढे जहीरशेजारी बसले. वऱ्हाडी मागे. निघतानाच लटारूने आपल्या धाकट्या बहिणीला, रंभाला, टोमणा मारला, "रंभे, तू बसली तं टायर फुटन." रंभा अंगाने भरभक्कम होती. ती सगळ्यांबरोबर हसली, पण जरा उशिरा हसली, ते जहीरने आरशात पाहिलं.

वाटेत नाला लागला. पाणी घोट्याएवढंच, पण बैलगाड्यांच्या चाकांनी ते पल्याडच्या चढावर नेऊन चिकणमाती लोण्यासारखी करून ठेवलेली. चढाच्या पायथ्याशी लटारूने टपावर थाप मारली. "थांब ना बाप्पा! उतरा रे सारे, चढ आला!"

बैलगाडीतून चढाला उतरायचं, मुक्या जनावराला त्रास द्यायचा नाही, ही या भागाची शहाणी रीत. जहीर "अरे, थांबा" म्हणेपर्यंत नवरदेवासकट वऱ्हाड खालीसुद्धा उतरलं. त्याने गाडी घातली. इंजिन गरजलं, मागची चाकं गरगरली, आणि नवरदेवाच्या बाशिंगावर चिखलाचा शिंतोडा बसला.

जहीरने मागच्या टायरांची थोडी हवा सोडली. चाकांपुढे धानाची वाळकी तणस पसरली. दुसरा गिअर घालून अगदी हळू रेस दिली. गाडी हातभर चढली आणि पुन्हा घसरली. शेजारच्या धानाच्या बांदीतून मुखरू नावाचा शेतकरी आपली बैलजोडी घेऊन निघालाच होता. त्याच्या चेहऱ्यावरचा आनंद लपत नव्हता.

बाबूभाई नुसते म्हणाले, "जहीर."

"शेठ, बैल नाई लागत. मानसं लागतात." जहीर वऱ्हाडाकडे वळला. "सारे वर चढा. एकदम मागं, फाळक्याले टेकून बसा."

लटारू भडकला. "पागल झाला का बे? फसलेल्यावर आनखी ओझं? पाप लागते!"

"भाऊ, बैल पुढून ओढते. ही गाडी मागच्या चाकानं ढकलते. मागं वजन नाई, तं चाक मातीले धरन कशाले? ओंडके असले म्हनजे हेच तं होते."

कुणीच हललं नाही. पिढ्यान्‌पिढ्यांची दया अशी एका ड्रायव्हरच्या सांगण्यावरून सुटत नसते. मुखरूने तर दोरही सोडला. आणि तेवढ्यात रंभाने पदर खोचला.

"जलमभर 'उतर रंभे, बैल मरन' आयकलं," ती लटारूसमोर उभी राहून म्हणाली. "माहेरी येतानी उतरली, जतरेले उतरली. माह्या लग्नातबी चढावर पाई चालली, नवरीच्या साडीत. आज एक गाडी मले चढ म्हनून राह्यली. तू काऊन अडवतं?"

ती चाकावर पाय देऊन वर चढली आणि अगदी फाळक्याला पाठ लावून बसली. ट्रकचं बूड जरासं दबलं. ते पाहून बायका चढल्या, मग पुरुष चढले.

"शेठ, तुमीबी," जहीर म्हणाला.

"मी?"

"पुढं बसून काय फायदा? मागं वजनदार मानूस पायजे."

बाबूभाई धोतर सावरून मागे चढले. नवरदेव एकटा पुढे जाऊन बसला. जहीरने दुसरा गिअर घातला आणि पाय अंड्यावर ठेवावा तसा ठेवला. चाकांनी तणस पकडली, मग माती पकडली, आणि ट्रक न घसरता वर गेला. जहीरला एवढं बरं वाटलं की त्याने उगाचच लांबलचक हॉर्न वाजवला. मुखरू खाली दोर गुंडाळत बसला.

"विकत नाई," बाबूभाई मागूनच ओरडले.

लग्न लावून परतताना आलेला चढ याहून उभा होता. जहीरने गाडी हळू केली. रंभा इतक्या वर्षांच्या सवयीने अर्धी उठली, एक पाय बाहेर टाकू लागली.

लटारूने तिचा हात धरला. आपलं खांद्यावरचं उपरणं काढून फाळक्याजवळ अंथरलं, आणि साऱ्या वऱ्हाडादेखत म्हणाला, "उतरू नको, रंभे."