धुरांडं मनोऱ्याआड

शिशाच्या गोळ्याच्या बुडाला खळगा होता आणि त्या खळग्यात अंघोळीच्या साबणाचा तुकडा दाबून बसवलेला होता. दोरीला बांधलेलं ते शिसं तळाशी टेकवून वर ओढलं की खाली जे असेल ते साबणाला चिकटून येतं — वाळू, शिंपल्यांचा चुरा, नाहीतर चिखल — आणि आत्ता, पावणेआठला, सासऱ्यांचा अंगठा त्या साबणावरून सावकाश फिरत होता. अंगठ्यावर काळं आलं. तिने ते पाहिलं. वाळू पिवळट असते, बोटांत करकरते. काळं म्हणजे चिखल, आणि चिखलावर मासा येत नाही, हे तिला त्यांनीच शिकवलं होतं, याच होडीत, सात वर्षांपूर्वी. आता ते म्हणतील... पण ते काही म्हणाले नाहीत. पाण्यात हात बुडवून त्यांनी अंगठा धुतला आणि विजारीला पुसला.

"बरं," ते म्हणाले. "टाक नांगर."

तिने टाकला.

ती खोटं बोलली होती. वल्ही मारणाऱ्याचं तोंड किनाऱ्याकडे असतं. किनाऱ्यावर घड्याळाचा मनोरा, त्याच्या मागे बंद पडलेल्या गिरणीचं धुरांडं. होडी बांधाच्या कडेने सरकत जाते तसं धुरांडं मनोऱ्याकडे सरकतं, आणि ज्या क्षणी ते पूर्ण आड जातं तिथे खाली वाळूचा पट्टा आहे, दोन खोल्यांएवढा, बस. ही खूण सासऱ्यांच्या, म्हणजे नानांच्या, वडिलांची. नानांनी ती मुलाला सांगितली होती, पण मुलाला मासे बाजारातले आवडत. मग सुनेला सांगितली. गेल्या दीड वर्षापासून ते विचारायला लागले — "आलं का आड?" — आधी परीक्षा घेतल्यासारखं, मग सवय असल्यासारखं. दोघांनीही त्यावर कधी चर्चा केली नाही. आज धुरांडं मनोऱ्याच्या बाजूला बोटभर उघडं होतं, हात लांब करून मोजावं तेवढं एक बोट, आणि ती म्हणाली, "आलं."

ती चष्म्याच्या दुकानात मागच्या खोलीत काचा घासते. अर्ध्या मिलिमीटरची चूक झाली तर काच टाकून दुसरी घेते. मालक म्हणतो, तुझ्या हाताला देव घाबरतो. नानांचा चष्माही तिनेच केलेला. उजव्या डोळ्याचा नंबर दर वर्षी बदलत होता तोवर ठीक होतं. डाव्याबद्दल डॉक्टर म्हणाले, आता काच उपयोगाची नाही. तेव्हा तिने विचारलं होतं, नाना, नक्की कसं दिसतं? ते विचार करून म्हणाले होते, "मनोरा पाण्यात पडलेला दिसतो तसा. वारा असताना." आणि ती अशा माणसाशी बोटभर खोटं बोलली. चोरी म्हणावी तर काय चोरलं? दोन तास. फार तर तीन.

कारण नियम होता चार माशांचा. चार लागले की परत. वाळूवर साडेनऊपर्यंत चार होतात, दहाला धक्का, दोन त्यांचे, दोन तिचे, आणि मग... गुरुवारी फोनवर ते म्हणाले होते, "या रविवारी ये. पुढचं मग बघू." त्या घरात पाच वर्षं काढलेल्या माणसाला 'बघू'चा अर्थ सांगावा लागत नाही. त्या घरात कोणी कोणाला नाही म्हणत नाही. नवऱ्याने आपण वेगळे होतोय असं कधी म्हटलंच नाही. तो दोन वर्षं बघू म्हणत राहिला. सहा महिन्यांपूर्वी सह्या झाल्या. येत्या शुक्रवारी त्याचं दुसरं लग्न. या सगळ्यात रविवार मात्र तसाच राहिला, कारण तो कुठल्याच कागदावर नव्हता. वकिलाने भांडी विचारली, कपाट विचारलं. सासरे कोणाकडे, हे त्याने विचारलं नाही.

"मासे सुट्टीवर दिसतायत," नाना म्हणाले.

"रविवार आहे, नाना. त्यांना नको का?"

"आपणच एक बिनसुट्टीचे." ते हसले. "चष्मेवाली, आमिष बघ. खेकड्याने खाल्लं असेल."

चष्मेवाली. पहिल्या दिवसापासून त्यांनी तिला सूनबाई म्हटलं नाही, आणि तेव्हा तिला ते थोडं लागलंही होतं. आता वाटतं, बरं झालं. सूनबाई म्हटलं असतं तर सह्यांच्या दिवशी ते परत करावं लागलं असतं.

आमिष शाबूत होतं. तिने ते उगाच बदललं.

पाणी तेलासारखं सपाट होतं. बांधापलीकडे समुद्र आहे हे फक्त आवाजावरून कळत होतं. साडेनऊ वाजले, मनोऱ्यावरच्या घड्याळाने एक ठोका दिला. एरवी या वेळी बादलीत शेपट्या आपटत असतात. आज बादलीत तिचा स्वतःचा चेहरा होता, आणि तिला लाज वाटली, आणि तरी बरं वाटत होतं — लाज आणि बरं, दोन्ही एकाच वेळी, हे असं तिला कधी... सह्या करून आली त्या संध्याकाळीही ती रडली नव्हती. दुकानात गेली, दोन चष्मे पूर्ण केले. घरी आल्यावर दारात रविवारच्या चपला दिसल्या, वाळूने भरलेल्या, आणि पहिला विचार नवऱ्याचा नव्हता. पहिला विचार होता, नाना आता कोणाला विचारतील?

बर्फवाल्याची मोटरहोडी बाजूने गेली. त्याने वेग कमी केला. "काय नाना! सासरा-सून आज रिकाम्या हाताने?"

त्याला माहीत नव्हतं. किंवा माहीत होतं आणि जिभेची सवय. ती बादलीकडे बघत राहिली.

"हो," नाना म्हणाले. "तुझ्या बर्फाला घाबरून पळाले."

बर्फवाला हसत गेला. त्याच्या लाटेने होडी थोडी डुलली, मग थांबली. तो 'हो' कोणत्या शब्दाला होता, रिकाम्या हातांना की सासरा-सुनेला, हे ती बराच वेळ तपासत बसली, काच उजेडाला धरून बघावी तशी.

अकराला त्यांनी खाणं काढलं. ब्रेड, उकडलेली अंडी, कागदाच्या पुडीत मीठ. सासूबाई दर रविवारी स्टीलच्या डब्यात देत, आणि तो डबा तिच्या पिशवीत राही. पुढच्या रविवारी धुऊन परत. ती त्या घरातून निघाली तेव्हापासून तोच डबा जात-येत होता. आज आइस्क्रीमचं रिकामं प्लास्टिक होतं, झाकण चिरलेलं.

"हे टाकून दे म्हणाली," नाना म्हणाले. अंडं सोलता सोलता त्यांचे हात थांबले. "ती वाईट नाही गं."

"मी कुठे म्हटलं?"

"म्हणते, घरात नवी मुलगी येतेय. तिला काय वाटेल. लोकांनाही... दर रविवारी जुनीला घेऊन..." त्यांनी टरफल पाण्यात टाकलं. ते तरंगलं. "मुलगाही तेच म्हणाला. मी म्हटलं, बघू."

तिने मिठाची पुडी दुमडून ठेवली. बोलली असती तर विनवणी झाली असती. नाना, तुम्ही त्यांना सांगा ना. नाना, मी धक्क्यापर्यंतच येत जाईन. ती पाणी प्यायली.

"मग नवीला आणाल?" तिने विचारलं. आवाज नीट आला.

"तिला होडीत मळमळतं म्हणे."

"मग कोणाबरोबर येणार?"

नानांनी चष्मा काढला आणि सदऱ्याच्या टोकाने पुसला. पुसून काही होणार नाही हे त्यांना माहीत होतं, तिलाही होतं. "झालं की आता," ते म्हणाले. "पंचावन्न वर्षं मारले मासे. माशांनाही जरा शांतता."

म्हणजे फक्त तिचाच नाही. त्यांचाही रविवार गेला, आणि तो त्यांनी घराला देऊन टाकला, न भांडता, जसं ते ताटातलं चांगलं नेहमी दुसऱ्याला देतात. तिला त्यांचा राग आला. सात वर्षांत पहिल्यांदा आला, आणि लगेच आपण या माणसाला सकाळपासून चिखलावर बसवून ठेवलंय, शेवटच्या दिवशी, एकही मासा न लागू देता, हे आठवून राग जागच्या जागी मेला. सांगून टाकावं. आत्ता.

"नाना, सकाळी मी—"

"खाली चिखल आहे," ते म्हणाले. "सकाळीच कळलं. साबण खोटं बोलत नाही."

तिने बादली पायाने बाजूला सारली.

"मीही म्हटलं, बसू." त्यांनी दोरी बोटावर थोडी उचलून पाहिली, खाली काही असल्यासारखी. "डोळे गेलेत. अंगठा शाबूत आहे."

ते तसेच बसून राहिले, दोन दोऱ्या सोडून, जिथे मासा नाही हे दोघांनाही ठाऊक असलेल्या पाण्यात, बारा वाजेपर्यंत. मग एक. बोलणं झालं ते बांधावरच्या पक्ष्यांबद्दल. नांगर ओढायला नानांनीच सांगितलं. होडी निघाली तशी तिला वाटलं, आता सरळ धक्का, पण त्यांनी डावं वल्हं जास्त मारलं आणि होडी बांधाच्या कडेने सरकायला लागली. पाच-सहा हात मारून झाल्यावर त्यांनी दोन्ही वल्ही पाण्याबाहेर धरली.

"आता खरं सांग," ते म्हणाले. "आलं का आड?"

तिने किनाऱ्याकडे पाहिलं. मनोरा होता. त्याच्या कडा हलत होत्या, खालून वर, सुटत होत्या, पुन्हा जुळत होत्या, आणि धुरांडं त्याच्या बाजूला होतं की मागे, की ते दोन मनोरेच होते... वारा तर अजिबात नव्हता. तिने डोळे मिटले, ओल्या पापण्या उघडल्या. तसंच.

वल्ह्यांवरून पाणी ठिबकत होतं. नाना वाट बघत होते, मान थोडी वाकडी करून, उजवा डोळा तिच्याकडे.

"दिसत नाहीये मला, नाना," ती म्हणाली. आणि दिवसभरात पहिल्यांदाच तिला काही मोजावंसं वाटलं नाही.