पाहुण्यांची तोंडं

माझं नाक मेलं त्याला बरीच वर्षं झाली. मैलापाण्याच्या प्लांटवर ज्याचा जन्म गेला त्याचं नाक टिकत नाही. आधी ते कुरकुर करतं, मग गप्प बसतं, आणि एक दिवस लक्षात येतं की बायकोच्या केसांच्या तेलाचाही वास येईनासा झालाय. ती होती तोवर घरातलं हे खातं तिच्याकडे होतं. दूध नासलंय का, गॅस चालू राहिलाय का, तीच सांगायची. ती गेल्यापासून मी दूध आधी चमच्याने चाखून बघतो.

प्लांटवरच्या वासासाठी मात्र आम्हा ऑपरेटर लोकांची एक युक्ती आहे. आम्ही पाहुण्यांची तोंडं वाचतो. फाटकातून बाहेरचा माणूस आत आला की त्याच्या नाकपुड्यांकडे बघायचं. आकसल्या, तर गाळ कुजायला लागलाय. रुमाल निघाला, तर कुठेतरी हवा सोडणारं यंत्र बंद पडलंय, पळा. आमची स्वतःची तोंडं काहीच सांगत नाहीत. सगळे एका माळेचे मणी.

माझी लेक याच आवारातल्या क्वार्टरमध्ये वाढली. शाळेत तिच्या शेजारी कुणी बसायचं नाही, हे तिने कधी सांगितलं नाही, तिच्या बाईंनी सांगितलं. लग्न होऊन ती दुसऱ्या शहरात गेली आणि पुन्हा मुक्कामाला आली नाही. आई गेली तेव्हासुद्धा संध्याकाळीच परतली. "चिंगीला उलट्या होतात हो बाबा," म्हणाली. खोटं नव्हतं ते. पण म्हणून माझ्या नातीला मी माझ्या घरात झोपलेलं एकदाही पाहिलेलं नव्हतं.

आता मी निवृत्तीला आलो होतो. क्वार्टर सोडायची होती. पुढे मी कुठे जाणार, हे लेकीने विचारलं नव्हतं आणि मीही तोंड उघडलं नव्हतं. मनाशी एक ठरवलं होतं. त्या दोघी माझ्याकडे एक रात्र राहिल्या, तर सकाळी चहाच्या वेळी विचारायचं, मी तुमच्याकडे राहायला येऊ का? आणि नाही राहिल्या, तर विचारायचंच नाही.

तेवढ्यात नवं धोरण आलं. जुने प्लांट आधुनिक करायचे. टाक्यांवर झाकणं घालायची, कोंडलेली हवा पाइपांतून एका मोठ्या पिंपात न्यायची, आणि पिंपातला खास कोळसा वास शोषून घेणार. साहेबांनी भिंतीवर चित्र लावून समजावलं. चित्रात टाकीशेजारी हिरवळ होती आणि बाकावर एक जोडपं बसलेलं होतं. आमच्या इथे गुलूगुलू बोलायला कोण येणार, म्हणून आम्ही पोट धरून हसलो. पण झाकणं खरंच आली. पिंप आलं. पिंपाशेजारचा पंखा घुमायला लागला.

उद्घाटनाला बडी मंडळी आली. मी मुद्दाम फाटकापाशी उभा राहिलो आणि एकेक तोंड वाचलं. एकाचीही नाकपुडी हलली नाही. एका बाईंनी तर फोटोसाठी टाकीच्या काठावर उभं राहून छाती भरून श्वास घेतला. माझे डोळेच भरून आले. त्याच संध्याकाळी लेकीला फोन केला.

"वास गेला. ये."

"खरंच, बाबा?"

"अगं, तोंडं बघितली ना मी सगळ्यांची."

ती हसली. ही युक्ती तिला लहानपणापासून माहीत. "मग येते," म्हणाली. "राहायलाच येते."

मी पडदे धुतले, तिच्या खोलीतला पलंग उन्हात काढला, नवा साबण आणला. त्या येणार त्या दिवशी दोनदा अंघोळ केली, उगाच. दुपारी स्टँडवरून त्यांची रिक्षा फाटकाशी थांबली. लेक उतरली, तिचं तोंड शांत. माझा जीव भांड्यात पडला. मग चिंगी उतरली, आणि तिने दोन्ही हातांनी नाक दाबून आईच्या पोटात तोंड खुपसलं.

"हात काढ," लेक हळूच म्हणाली. "आजोबा बघतायत."

घरात शिरताच लेकीने खिडक्या लावून घेतल्या. डास येतील म्हणाली, भर दुपारी. चिंगीने दुधाचा घोट घेतला आणि उलटी केली. "गाडी लागली तिला," लेक म्हणाली. मी "असेल, असेल" म्हणत बाहेर पडलो आणि तडक प्लांटच्या लॅबमध्ये गेलो.

लॅबवाली पोरगी दिवसभर तोंडाला मास्क बांधून पाण्याच्या बाटल्या तपासते, त्यामुळे तिचं तोंड वाचायची कधी सोय नव्हती. मी सरळ विचारलं, "वास येतो का गं अजून?"

तिने बाटली खाली ठेवली. "येतो म्हणजे काय काका, आधीपेक्षा जास्त येतो. सगळा एका पिंपातून बाहेर पडतो ना."

"आणि कोळसा?"

"कुठला कोळसा? पिंप रिकामं आहे, पंखा नुसता फिरतोय. बांधकामाच्या पैशातून कोळसा घेता येत नाही म्हणे, तो रोजच्या खर्चात येतो. रोजचा खर्च ज्या खात्याकडे आहे ते म्हणतं, प्लांट अजून आमच्या ताब्यात आलेला नाही. आणि ताब्यात घ्यायला त्यांना आधी वास बंद झाल्याचा दाखला हवाय."

"मग उद्घाटनाला कुणाला कसा आला नाही?"

"फवारा नाही का मारत होते फाटकापासून? सुगंधी होता तो."

तो फवारा मी बघितला होता. मला वाटलं, धूळ बसावी म्हणून मारतायत. "मला कुणी सांगितलं का नाही?" मी ओरडलोच जरा.

"आम्हाला लॅबमध्ये सगळ्यांना येतोच की, काका. तुम्हाला येत नाही हे लक्षातच राहत नाही."

तिचा काय दोष? मी परत आलो. चिंगी पलंगावर झोपली होती, नाकावर आईची ओढणी. लेक शेजारी बसून तिचे केस सारखे करत होती, तोंडावर रेषही हललेली नाही. शाळेतून यायची तेव्हाही हेच तोंड घेऊन यायची. सगळ्या जगाची तोंडं मी वाचली, हे एक मला कधी वाचता आलं नाही.

"छान वाटतंय, बाबा," ती म्हणाली. "काही वास नाही."

"म्हटलं नव्हतं का मी?" मी म्हणालो. आणि लगेच पुढचं बोलून टाकलं, कारण थांबलो असतो तर जमलं नसतं. "पण एक घोटाळा झालाय. पंप अडकलाय, साहेबांचा निरोप आहे. रात्रभर मी घरी नाही. तुम्ही दोघी एकट्या कशा राहणार इथे? संध्याकाळच्या गाडीने गेलेलं बरं."

"आम्ही थांबू की. तुम्ही सकाळी याल ना."

"नको. मला घोर लागेल."

तिचं तोंड तसंच राहिलं, फक्त खांदे खाली आले. बराच वेळ उचलून धरलेलं ओझं ठेवल्यावर येतात तसे. ते बघून मला फार वाईट वाटलं, आणि आपण बरं केलं असंही वाटलं.

त्या गेल्यावर मी पलंगावर तसाच बसून राहिलो. पंप व्यवस्थित चालू होता, आवाज येत होता. रात्री फोन आला.

"पोचलो, बाबा," लेक म्हणाली. "थांबा, हिला बोलायचंय."

"आजोबा," चिंगी म्हणाली, "तुम्ही आमच्याकडे राहायला या ना."

जे सकाळी चहाच्या वेळी मी विचारणार होतो, ते या पोरीने न मागता देऊन टाकलं. "येतो की," म्हणालो. "येतोच."

"पण अंघोळ करून या हं."

तिकडे फोन हिसकावल्याचा आवाज झाला. "बाबा, ती काहीही बडबडते," लेक घाईघाईने म्हणाली. "लक्ष देऊ नका."

"छे गं. लहान आहे," मी म्हणालो. 'या' असं तीही म्हणेल म्हणून मी कान देऊन थांबलो. "जपा बाबा," ती म्हणाली आणि फोन ठेवला.

मी पाणी तापत ठेवलं. नवा साबण कागदातून काढून नाकाशी धरला, जोरात श्वास घेतला. काही नाही. मग बादली भरली आणि अंग घासायला बसलो.