अर्ध्या सेकंदाचा मामा

मामाचं पुस्तकबांधणीचं दुकान त्या दिवशी बंद होणार होतं. चार वाजता नवा मालक येऊन शिकंजा, म्हणजे बांधलेली पुस्तकं दाबून ठेवायचं लोखंडी यंत्र, घेऊन जाणार होता. त्याआधी मला मामाचा काम करतानाचा एक तरी खरा फोटो हवा होता.

सकाळी छोट्या कॅमेऱ्याने चाळीस काढले. त्यांत मामा सहज होता, पण मागच्या कप्प्यांवरच्या त्याच्या हातच्या चिठ्ठ्या वाचता येत नव्हत्या. मोठ्या कॅमेऱ्यात आल्या असत्या. त्याची एकेक फिल्म पोस्टकार्डाएवढी. पण खोलीत उजेड कमी, शटर अर्धा सेकंद उघडं ठेवावं लागणार. असा कॅमेरा चालू कामापुढे टिकतो का, हे ठरवायला माझ्याकडे चार फिल्म होत्या.

मी मोठ्या कॅमेऱ्यामागच्या काळ्या कापडाखाली डोकं घातलं.

"सर्दी झालीय का गं हिला?" मामाने मामीला विचारलं. "वाफ घेतेय."

"घेऊ दे. तुम्ही तुमचं काम करा."

कॅमेऱ्याच्या मागच्या काचेवर मामा उलटा दिसत होता. "मामा, नेहमीसारखाच वाग हं," मी म्हटलं. त्याने केस विंचरले आणि एक्स-रेला धरतात तसा श्वास धरला. एक फिल्म गेली. पुढच्या वेळी त्याने खळीचा ब्रश असा सपासप फिरवला, की हाताच्या जागी धुकंच आलं असणार. तिसरीला मी शटर बंद न करताच फिल्मवरचं झाकण ओढलं. उजेड शिरून तीही गेली.

वहीत लिहिलं: 'अयोग्य.'

मामाने चष्मा वर सरकवून वाचलं. "कोण? मी की कॅमेरा?"

मामी पानं शिवत होती. "अगं, शिकंजा आवळला की ते गठ्ठ्यावर तळवे ठेवून उभे राहतात. पान सरकतंय का बघतात. तेव्हा हाक मारली तरी ओ देत नाहीत. तू सारखी कापडात, तुला कुठून दिसणार!"

साडेतीन वाजले होते. शेवटचं पुस्तक उरलं होतं. मी शिकंजा नीट फोकसमध्ये घेतला, शटर बंद आहे ना ते दोनदा तपासलं, फिल्म बसवली. फिल्म बसली की काच झाकली जाते, कापडाखाली बघण्यासारखं काही उरत नाही. म्हणून कॅमेऱ्याशेजारी उभी राहिले आणि मामाकडे नुसतं बघत राहिले.

त्याने चाक फिरवलं. आणखी अर्धा आटा. मग तळवे गठ्ठ्यावर टेकवले आणि डोळे मिटले.

मी बटण दाबलं.

दोन दिवसांनी फिल्म धुतली. चिठ्ठ्यांवरचं अक्षर न् अक्षर लागत होतं. मामाच्या नखांवर वाळलेली खळसुद्धा दिसत होती. मामी मात्र कोपऱ्यातला एक पांढुरका ढग. बटण दाबलं तेव्हा ती हसून हलत होती.

मी वहीतलं 'अयोग्य' खोडून लिहिलं: 'योग्य. माणूस आपणहून थांबतो तिथे.'

"मग हिच्यासाठी छोटा कॅमेराच ठेव," मामा म्हणाला. "ही थांबल्याचं मी तरी पाहिलेलं नाही."