कोंडबुरुजावरची शिडी

वणीच्या देवीच्या पाया पडायच्या आधी नव्या सुनेनं कोंडबुरुजात उतरायचं, ही धोंडीरामच्या घरची रीत. गंगापूर रोडच्या मागं शेवंती-झेंडू पिकवणारं हे घर. इथं रीत म्हणजे रीत, तिला का म्हणून विचारायची सोय नाही. बुरूज तरी कसला, दगडी रांजणच तो. पाच-सहाशे वर्षांपूर्वी कुणा किल्लेदारानं बांधला आणि मेल्यानं त्याला दारच ठेवलं नाही. कैदी वरच्या भोकातून आत सोडायचे, भाकरीही तिथूनच टाकायची. तळाशी भिंतीवर शेंदूर फासलेली देवी होती. सुनेनं शिडीनं खाली जायचं, देवीला हळदीकुंकू वाहायचं, नवऱ्याचं नाव घ्यायचं आणि वर यायचं. पाच मिनिटांचं काम.

योगिनी शहरात, इंदिरानगरात वाढलेली, डी.एड. झालेली. तिला या प्रकाराचं हसू येत होतं, पण आज तिला सासरच्यांशी गोडीनंच वागायचं होतं. शाळेतल्या नोकरीची ऑर्डर आली होती. दिंडोरीच्या कार्यालयात आज पाचच्या आत हजर व्हायचं, नाहीतर जागा यादीतल्या पुढच्या बाईला. बुरुजाचं उरकलं की तीन वाजता तुला दिंडोरीला सोडतो, असा शेखरनं, तिच्या नवऱ्यानं, शब्द दिला होता. त्या शब्दावर ती बिनघोर होती. वेडी पोर!

फुलांच्या टेम्पोतून आणलेली शिडी शेखरनंच दोर बांधून भोकातून आत सोडली. योगिनीनं खाली जाऊन कुंकू वाहिलं आणि खणखणीत आवाजात उखाणा घेतला.

"शेवंतीच्या वाफ्याला पाणी देते वाकून, शेखररावांचं नाव घेते सगळ्यांचा मान राखून."

वरून टाळ्या पडल्या. मग शिडी सरसर वर गेली.

"आता म्हण," सासूचं, धोंडाबाईंचं तोंड भोकात आलं, "नोकरी करनार नाय."

योगिनीला आधी थट्टाच वाटली. नव्या सुनेची एवढी मस्करी करतातच, म्हणून ती हसलीसुद्धा. "आई, शिडी सोडा ना. उशीर होतोय."

"लोकाची पोरं शिकवायला? आन् आपली फुलं कोन खुडंल?"

"अहो, ऐकताय ना?" तिनं शेखरला हाक मारली. "सांगा ना आईंना."

"म्हणून टाक ना, योगिनी," शेखरचा आवाज आला. "एवढं काय त्यात?"

म्हणजे याला सगळं ठाऊक होतं. शिडीही त्यानंच ओढून घेतली होती. मग योगिनी रडली, ओरडली, जन्मात कुणाला दिल्या नव्हत्या तशा शिव्या दिल्या. वर डबे उघडले. मेथीच्या भाजीचा वास खाली आला. सासरे धोंडीराम यांनी एक भाकरी भोकातून खाली टाकली.

"घे, कैद्याला उपाशी ठेवू नये," ते म्हणाले आणि आपल्याच विनोदावर पोट धरून हसले.

मनगटावरच्या घड्याळात चार वाजले. दिंडोरी इथून अर्ध्या तासावर. अजूनही निघालो तर पोहोचू. खोटं बोलून एकदा बाहेर पडू, पुढचं पुढं बघता येईल. तिनं देवीकडं न बघता वर तोंड केलं.

"नाही करणार नोकरी. देवीची शपथ."

"शाब्बास," धोंडाबाई म्हणाल्या. "मंग आता घाई कसली? बस निवांत."

बाईनं खोटं पुरतं ओळखलं होतं. शिडी काही हलली नाही. योगिनी हात जोडून विनवत राहिली, साडेचारपर्यंत.

पाच वाजून गेल्यावर शिडी खाली आली. योगिनी एकेक पायरी चढू लागली. वरून धोंडाबाई बोलत होत्या, अगदी मायेनं.

"राग धरू नको. मलाबी असंच ठिवलं होतं माझ्या सासूनं. बाप गेल्याचा सांगावा आला होता माहेराहून. म्या जाईन म्हनले, तर शिडी काढून घेतली. दुसऱ्या दिवशी वर काढलं, तवर त्याची राख झाली होती. मेले का मी? लय सुखात हाय."

शिडी भोकाच्या तोंडापर्यंत पुरत नव्हती, शेवटी वरच्या कुणीतरी ओढून घ्यावं लागे. शेखरनं मान फिरवली होती. धोंडाबाईंनी वाकून हात पुढं केला. योगिनीनं तो धरला. दुसरं धरायला तिथं काही नव्हतं.