सीत्स्केच्या बाजूचा चर

फ्रीसलँडच्या सखल कुरणांत ऑक्टोबर सरता सरता पाणी वाहून नेणाऱ्या चरांची पाहणी होते. ज्याची जमीन, त्याने आपल्या काठचं गवत-गाळ काढून चर मोकळा ठेवायचा आणि गावोगावचं पाणी सांभाळणाऱ्या पाणीमंडळाचा माणूस काठाकाठाने येऊन बघणार, अशी रीत. नापास झालेल्याचं नाव रविवारी चर्चमधल्या कॉफीबरोबर चवीने चघळलं जातं.

सीत्स्के यंदा पाणीमंडळाच्या निवडणुकीला उभी होती. शाळेतून निवृत्त झाल्यापासून तिचा एकच धोशा: दरवर्षी अख्खा चर खरवडू नका, निम्मा राहू द्या, पाणीही वाहतं आणि त्यातले जीवही जगतात. नुसतं बोलून थांबणारी ती नव्हे. घरामागच्या चरात आपल्या बाजूला तिने तीन वर्षं हात लावला नव्हता. अननसाच्या शेंड्यासारखी दातेरी, तरंगती झाडं तिथे दाटली होती आणि मोठे हिरवे चतुर त्यांतच अंडी घालत. आजवर पाहणीवाल्याने बाईंकडे काणाडोळा केला होता. यंदा ती उमेदवार, म्हणून तो करणार नाही हे तिला ठाऊक होतं, आणि तिला तेच हवं होतं. पाणी वाहताना बघा आणि मग खुशाल नापास करा, असं तिने भरसभेत सांगितलं होतं.

पलीकडचा काठ तिच्या थोरल्या भावाचा, डाउवेचा. ऐंशी गाई, आणि तीस वर्षांत एकदाही नापास नाही याचा ताठा. तो बहिणीची मनसोक्त टिंगल करी, पण ते तो करणार, दुसऱ्यांनी नाही. गावात कुणीतरी म्हणालं, स्वतःचा चर साफ करता येत नाही आणि चालली सगळ्यांचं पाणी सांभाळायला. ते त्याला झोंबलं.

पाहणीच्या सकाळी सीत्स्के कॉफीचा कप घेऊन मागे आली, तर चर या टोकापासून त्या टोकापर्यंत स्वच्छ. तिच्या काठावर चिखलात तीन वर्षांचा ढीग आणि गाळ काढायच्या यंत्राशेजारी डाउवे खुशीत उभा.

"झालं तुझं काम," तो म्हणाला. "आता कोण तोंड उघडतं बघू."

ती संतापाने त्याच्याकडे वळली. मग तिला त्याचे लाल डोळे दिसले. धारा काढायच्या आधीच उठून तो हे करत बसला होता. राग गेला नाही, पण त्याच्यावर काढवेना.

"अरे, हेच तर दाखवायचं होतं मला."

"नापास झाली असतीस."

"झाले असते."

आता गप्प बसली असती तरी पास होती. तिने कप कुंपणाच्या खांबावर ठेवला, गुडघे टेकले आणि चिखलातून एकेक झाड सोडवून पाण्यात टाकायला लागली. पात्यांनी बोटं कापली. डाउवे थोडा वेळ पुटपुटत राहिला आणि घराकडे निघून गेला. रुसला, असं तिला वाटलं.

तो परत आला तो छातीपर्यंतची रबरी विजार घालून. चरात उतरून म्हणाला, "उलटी पडतायत तुझी. दे इकडे."

ती देत गेली, तो सरळ करून सोडत गेला. वाऱ्याने काही झाडं त्याच्या काठाला जाऊन लागली. ती त्याने परत ढकलली नाहीत.

दहाला पाणीमंडळाचा हेसेल आला. एकेकाळी तो सीत्स्केचाच विद्यार्थी होता.

"बाई, हे मला नापासच लिहावं लागणार."

"लिही. पण आधी पाणी बघ."

त्याने गवताची काडी टाकली. काडी झाडांना वळसा घालत हळूहळू पुढे गेली.

"वाहतंय," हेसेल म्हणाला.

"तेही लिही."

त्याने लिहिलं. मग डाउवेला म्हणाला, "काका, तुमच्या काठची तेवढी पलीकडे लोटा, म्हणजे तुम्ही पास."

डाउवेने कमरेशी तरंगणाऱ्या झाडांकडे पाहिलं.

"राहू देत. माझाही नापास लिही."

हेसेलचं पेन थांबलं. "काका, आजपर्यंत कधी तुमचा—"

"मला सांगतोस? लिही."

सीत्स्केला भरून आलं. एवढ्या सभा घेतल्या, पण त्यातली एकही इतक्या लांब पोचली नव्हती. तिने पुढचं झाड उचललं आणि भावाच्या हातात दिलं.